गेरूचा हात

माझे कान दयाळनाथबाबांनी घालवले.

सुईनं नाही. सुई सरकारी होती, फुकट होती, तिनं तिचं काम केलं. मी जिवंत आहे. कान घालवले ते बाबांनी, एका शब्दात.

"म्हणजे थांबतच नाही का तो आवाज?" बाबांनी विचारलं होतं.

"नाही."

"जेवताना?"

"जेवतानाही. चावताना जरा मागं सरकतो. गिळलं की पुन्हा पुढं."

"कसा आहे?"

"रातकिड्यासारखा. एक नाही, शेतभर."

बाबा माझ्याकडे बघत राहिले...

"बाबा, हा तोच का?"

बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मला वाटलं, आत जाऊन बघून येतायत.

"तोच," ते म्हणाले.

आता 'तोच' म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हिंगणडोहचा मठ छोटा आहे. टेकडीवर पत्र्याची शेड, मागं बाबांची खोली, बाजूला गोठा. बाबा नाथपंथी, सत्तरीच्या पुढचे. शेडची मागची भिंत तेवढी जुनी, दगडी, चुन्यानं रंगवलेली. तिच्यावर दहा पायऱ्या काढल्यात. सगळ्यात खालच्या पायरीवर रातकिडा. त्याच्या वर घुंगरू, मग घंटा, मग शंख, असं करत करत दहाव्या पायरीवर ढग. ध्यानाला बसणाऱ्याला काहीही न वाजवता आतून जो नाद ऐकू येतो, त्या नादाच्या या पायऱ्या. अनाहत नाद. सुरुवात रातकिड्यानं होते आणि शेवट ढगाच्या गडगडाटानं. ज्याला नाद फुटला, त्यानं उजवा हात डिंक घातलेल्या गेरूत बुडवायचा आणि आपल्या पायरीवर उमटवायचा. ही मठाची रीत.

शंभर वर्षांत भिंतीवर सहा हात होते. पाच मेलेल्यांचे. सहावा बाबांचा, थेट दहाव्या पायरीवर, ढगाच्या पोटात. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा.

सातवा माझा.

मी ध्यानासाठी आलो नव्हतो. मला तिथं आणून टाकलं होतं.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला खोकला लागला. तीन विषय राहिले, मग रक्त पडलं, मग टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. मग सांगितलं की हा टीबी साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आता सहा महिने रोज सुई आणि दोन वर्षं मूठमूठ गोळ्या. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

घरी ताईचं लग्न जमत होतं. बापानं शेजाऱ्यांना सांगितलं, "पोरगं साधनेला बसलंय." आणि मला पिशवीसकट मठात सोडून साखर कारखान्यातल्या कामावर निघून गेला. त्याला टीबीची लाज वाटत होती, माझी नाही, असं आई म्हणायची. हा फरक मला तरी कधी दिसला नाही.

रोज सकाळी नऊला टेकडी उतरून आरोग्य केंद्रात जायचं. तिथं नलिनी सिस्टर. जाड चष्मा, जाड आवाज.

"या नवरदेव. पँट खाली करा. लाजू नका, मी तुमच्याएवढे दोन वाढवलेत."

सुई टोचायची आणि मग रोज न चुकता तोच प्रश्न.

"कानात काही वाजतं का? शिट्टी, किडा, काहीही? चक्कर?"

"नाही."

"या सुईनं कान जातात, बरं का. घाबरवत नाही, सांगते. वाजलं की त्या दिवशी सांगायचं. डॉक्टर औषध बदलतात."

तिनं हे पहिल्या दिवशी सांगितलं. दहाव्या दिवशी सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मी ऐकणं सोडून दिलं. दर महिन्याला जिल्ह्याच्या इस्पितळात कान तपासायला जायची चिठ्ठी द्यायची. पहिल्या महिन्यात मी गेलो. कान ठणठणीत निघाले.

दुसऱ्या महिन्यात रातकिडा सुरू झाला.

आणि मी सिस्टरकडे नाही, बाबांकडे गेलो. त्यांनी 'तोच' म्हटलं. आणि वर म्हणाले, "मठाबाहेर कुणाला बोलू नकोस. नाद बोलला की आटतो."

ही पण रीत. जुनी. मोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारलं, "वाजतं का काही?"

"नाही," मी म्हटलं.

इथं बाबांना बाजूला ठेवतो, कारण हे 'नाही' त्यांचं नव्हतं. जीभ माझी होती. कॉलेजात मी नापास होतो. घरात माझं ताट वेगळं होतं. आणि इथं दीड महिन्यात मी भिंतीवर चढणार होतो. जे पाच मेले ते वीस वीस वर्षं बसले होते म्हणे. मला दीड महिना पुरला. मला वाटलं, माझ्यात काहीतरी आहे. बापाला कळेल एक दिवस.

गुरुवारी सगळ्यांसमोर हात उमटवला. मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष थिटे मास्तर, रिटायर हेडमास्तर, आदल्या आठवड्यापर्यंत मला "अर्धे इंजिनियर" म्हणायचे. त्या दिवशी वाकले आणि म्हणाले, "सुदर्शनजी, आम्हालाही वाट दाखवा."

मी मान हलवली. हळू. बाबांसारखी.

दुसऱ्या महिन्याची चिठ्ठी आसनाखाली ठेवली. तिसऱ्या महिन्याचीही. सिस्टरला सांगितलं, "जाऊन आलो, ठीक आहेत." कागद मागितला तर म्हटलं, घरी राहिला. तिनं विश्वास ठेवला. टेकडीवर राहणारा, रोज वेळेवर येणारा, ध्यान करणारा पोरगा खोटं कशाला बोलेल?

आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, उन्हाळा आहे, कुठं गेल्या असतील. मग कुकरची शिट्टी गेली. मग बायकांचे आवाज पुसट झाले, जणू सगळ्या पदर तोंडावर घेऊन बोलतायत. आतला किडा मात्र वाढत चालला होता. त्याची घंटा झाली. पुढं घंटेचा काहीतरी भोंगा झाला, तो मी शंख समजलो.

बाबांना सांगितलं, "आता शंख आहे."

ते गोठ्यात होते. गाईच्या अंगावरून हात फिरवत राहिले...

मास्तर मात्र आनंदले. आरतीची घंटा माझ्यामागं वाजली आणि मी वळलो नाही, तेव्हा त्यांनी सगळ्यांना हातानं दाखवलं. बघा. बाहेरचे कान मिटले, आतले उघडले!

सिस्टरच्या ओठांकडे बघून 'नाही' म्हणायला मी शिकलो होतो. रोज तोच प्रश्न, रोज तेच ओठ. त्यात काय अवघड?

पाचव्या महिन्यात एक दिवस सुई झाली, सिस्टर माझ्या पाठीमागं होती. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तिनं सांगितल्यावरच पँट वर करायची असते, म्हणून तिच्या सांगण्याची वाट बघत होतो. बाहेर रांगेत चार माणसं, दार अर्धं उघडं. ती मला वळसा घालून समोर आली. तिचं तोंड हललं. तीन वेळा सांगितलं होतं म्हणे.

मी तसाच उभा, खाली पँट.

तिनं माझं उपचाराचं पिवळं कार्ड घेतलं आणि मागच्या बाजूला लिहिलं. कधीपासून?

"तीन महिने," मी म्हटलं.

तिनं मारायला हवं होतं. मारलं नाही. स्टुलावर बसली, चष्मा काढला आणि माझी पँट तिनंच वर ओढली. लहान मुलाची ओढतात तशी.

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं ते माझ्याकडे आहे. गेलेलं परत येणार नाही. वाजायला लागलं तेव्हाच सांगितलं असतं तर सुई बंद करून दुसरं औषध दिलं असतं. एक मशीन दिलं कानात घालायला. त्यातून भांडी घासल्यासारखी घरघर येते. डबीत ठेवलंय.

टीबी बरा झाला. पूर्ण बरा. सगळ्यांनी पेढे वाटले.

घरी महिनाभर राहून बघितलं. बाप माझ्या समोर बसून माझ्याविषयी बोलायचा. ऐकू येत नाही म्हणजे दिसतही नाही, असं त्याला वाटत असावं. मग मीच पिशवी उचलली आणि मठात परत आलो.

का आलो, ते सरळ सांगतो. तिथं माझ्या पाया पडत होते.

मास्तरांनी पत्रक छापून घेतलं होतं. 'बाह्य श्रवण सोडून अंतर्नादात स्थिर झालेला तरुण साधक.' माझा भिंतीवरचा हात फोटोत. तालुक्याहून लोक यायचे. म्हातारी माणसं माझ्या पायावर डोकं ठेवायची, त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या पायाला लागायचा. मी पाय मागं घेतले नाहीत. एकदाही नाही.

फक्त बाबा एकटे सापडले की विचारायचो. माझा आवाज किती मोठा लागतो ते मला कळत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यावा लागतो. बाबा गोठ्यात असले की विचारायचो, म्हणजे फक्त गाई दचकायच्या.

"बाबा, तुम्ही 'तोच' का म्हणालात?"

मला उत्तर द्यायला मठात एक पाटी ठेवली होती, शाळेतली, लाकडी चौकटीची. बाबा पाटी घ्यायचे. धोतरानं पुसायचे. आणि कोरीच माझ्या हातात द्यायचे.

"हे काय?"

बाबा गाईकडे बघायचे...

"तुम्हाला माहीत होतं मी सुई घेतो. रोज तुमच्या समोरून उतरत होतो. एवढं तरी म्हणायचं, सिस्टरला विचार."

पुन्हा पाटी पुसायची. पुसायला काही नसायचंच. पुन्हा कोरी पाटी.

एकदा मास्तरांनी हे पाहिलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याकडून पाटी घेऊन त्यांनी लिहिलं, "केवढं उत्तर दिलं बाबांनी! शून्य!"

मी पाटी उपडी केली. कुणी बोलायची हिंमत केली नाही, की आमच्याकडे लोक त्याला ज्ञान म्हणतात. मला ती पळवाट वाटायची. म्हातारा चुकला आणि कबूल करत नाही, एवढंच. एवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षभर त्याच्या मागं होतो. त्यानं एकदा लिहावं, "माझं चुकलं." मग मी मोकळा. मग सगळं त्याचं, माझं काही नाही.

असं मला वाटायचं.

त्या गुरुवारी मास्तर स्कूटरवर एका बाईला घेऊन आले. वच्छला तुपे. खालच्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिशीची असेल, बारीक, गालाची हाडं वर आलेली. चेहरा मात्र लग्नघरातला. शेडमध्ये पंधरा-वीस माणसं होती. तिनं बाबांच्या पायाशी नारळ ठेवला, मग माझ्या पायाशी. मग बसली.

एका कुल्ल्यावर बसली. डावीकडे सगळा भार टाकून, उजवी बाजू जरा उचलून.

सुईच्या महिन्यांत मी तसाच बसत होतो.

तिची कापडी पिशवी मांडीवर होती. पिशवीतून एका कार्डाचा पिवळा कोपरा बाहेर आलेला. माझ्याकडे तसलंच कार्ड आहे. त्याच्या मागं 'कधीपासून?' लिहिलंय.

मास्तर मधोमध उभे राहिले. त्यांचं तोंड मला वाचता येतं. चाळीस वर्षं वर्गाला ऐकवलेलं तोंड, एकेक अक्षर दातावर ठेवून बोलतात. तरीही त्यांनी पाटी घेतली, सगळ्यांना दाखवली आणि मग माझ्यासमोर धरली.

"वच्छलाबाईंना पंधरा दिवस रातकिडा ऐकू येतो. सुदर्शनजी, तुम्ही सांगा. हा तोच का?"

बाबा शेजारी बसले होते. डोळे मिटून.

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. बाईही बघत होती. तिच्या डोळ्यात काय होतं ते मला ओळखीचं होतं. घरी तिचंही ताट वेगळं असणार. कुणी तिला आजवर म्हटलं नसणार की तुझ्यात काही आहे.

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. ज्या शब्दानं माझे कान गेले, तोच शब्द. रोज म्हणायचो, तोंडात बसलेला होता.

पण इथं 'नाही' म्हटलं तर लोक विचारणार, मग तुमचा? माझा हात भिंतीवरून पुसावा लागणार. उद्यापासून मी कोण? दुसऱ्या वर्षाला नापास झालेला, बहिरा, बापाच्या घरात ऐकू न येणारं एक सामान.

हे सगळं विचार करून केलं, असं म्हणणार नाही. पण कार्ड बघितल्यावर केलं. आधी नाही. बघितल्यावर.

माझी मान हलली. हळू. वरून खाली.

होय. तोच.

बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग डोळे पुसले आणि हसली. माणसांचे हात वर गेले, काहीतरी जयजयकार झाला असावा. मास्तर गेरूची वाटी घेऊन आले. दिवाळीत रांगोळीला बसावं तशी ती पुढं सरकली, बांगड्या मागं सारल्या आणि उजवा हात मनगटापर्यंत बुडवला.

मी बाबांकडे बघितलं.

त्यांचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते. केव्हापासून, माहीत नाही. पण मान हलताना त्यांनी पाहिलं होतं, एवढं त्या नजरेत होतं. रागावलेले नव्हते. एखाद्यानं आपलंच पोर आपल्यासारखं चालताना बघावं, तसे बघत होते.

मग ते उठले. गुडघे धरून, भिंतीला टेकून, एवढ्या वेळात माणूस दोनदा बसून उठेल. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या घेतला. खांद्यावरचं फडकं त्यात बुडवलं. भिंतीशी गेले. टाचा उचलल्या तरी हात जेमतेम पोचत होता. दहाव्या पायरीला, ढगाच्या पोटात.

आणि घासायला लागले.

स्वतःचा हात.

डिंकाचा गेरू, एक्केचाळीस वर्षांचा. लवकर निघेना. ते घासत राहिले. लाल पाणी ढगातून खाली उतरलं, नगाऱ्यावरून, बासरीवरून, शंखावरून. त्यांच्या कोपरातून धोतरावर.

मास्तर धावले. "बाबा! बाबा, हे काय करताय!" त्यांच्या दातांवर प्रत्येक अक्षर दिसत होतं. त्यांनी बाबांचं मनगट धरलं. बाबांनी ते सोडवून घेतलं. सत्तरीच्या म्हाताऱ्यात एवढा जोर असेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं, ते एक पाऊल मागं गेले.

भिंतीवर हात राहिला नाही. एक ओला डाग राहिला.

बाबा खाली आले, पहिल्या पायरीशी. माझ्या हाताशी. मला वाटलं, आता हाही पुसणार. मनात म्हटलं, पुसा, लवकर पुसा, म्हणजे मला पुसायला नको.

त्यांनी तो पुसला नाही. फडकं पिळलं आणि माझ्या हाताच्या खाली जमिनीवर ठेवलं.

वाटीवर बाईचा हात तसाच अधांतरी. बोटांवरून गेरू गळत होता.

बाबांनी मास्तरांकडून पाटी मागितली. खाली बसले. लिहायला वेळ लागला, अक्षर त्यांचं चौथीतल्या पोराचं. लिहून झाल्यावर मास्तरांकडे दिली आणि बाईकडे बोट केलं. वाचून दाखवा.

मास्तरांनी वाचलं. मनात. मग पाटी छातीशी धरून उभे राहिले. ज्या माणसानं चाळीस वर्षं मोठ्यानं वाचलं, त्याचं तोंड उघडेना.

बाबांनी पाटी ओढून घेतली आणि बाईसमोर धरली. तिला वाचता येत होतं. शाळेच्या खिचडीची वही तीच लिहिते. मलाही दिसत होतं.

"मला आत कधीच काही ऐकू आलं नाही."

बाईनं वाचलं. पुन्हा वाचलं.

बाबांनी धोतरानं पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

"गुरू गेले तेव्हा गादीवर बसायचं होतं म्हणून हात उमटवला. याने विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

वर्षभर मी याच वाक्याच्या मागं होतो. मिळालं. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. माझी मान अजून हललेलीच होती.

पुन्हा पुसलं. पुन्हा लिहिलं.

"तुझा आवाज सुईचा आहे. आज सिस्टरला सांग. आत्ता जा."

मागची माणसं उठायला लागली. कुणी चपला शोधत होतं. एक म्हातारा मास्तरांना काहीतरी तावातावानं बोलत होता, त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. कुणीतरी माझ्यासमोरचा नारळ उचलून परत पिशवीत टाकला.

वच्छलाबाईंनी हात स्वतःच्या साडीला पुसला. चांगल्या साडीला. पिशवी काखेत घेतली, कार्ड आत दाबलं. निघाल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओठ हलले.

त्यांचे ओठ मी कधी वाचले नव्हते. पण चार शब्द होते, हळू बोलल्या आणि ते कळायला कानाची गरज नव्हती.

तुम्ही मान का हलवली?

त्या रागात नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. पुढं वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, माणूस विहिरीत वाकून बघतो तशा.

मी तोंड उघडलं. माझा आवाज बाहेर आला की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी आला नसावा.

बाबांनी पाटी पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पेन्सिल बोटात दिली.

मी पाटीकडे बघत बसलो. पेन्सिल टेकवली. एक रेघ आली, ती अंगठ्यानं पुसली. पुन्हा टेकवली...

पाटी उचलली आणि बाबांना परत दिली.

कोरी.

त्यांनी ती घेतली.  या वेळी त्यांनी गोठ्याकडे बघितलं नाही, डोळे मिटले नाहीत. मग बाईंकडे बघितलं. त्या अजून उभ्याच होत्या, साडीवर पाच लाल बोटं.

बाबांनी पेन्सिल उचलली, लिहिलं आणि पाटी त्यांच्यासमोर धरली.

"याचे दोन्ही कान गेले."